उसनं नाक

टोबी, बॉनेट लाव आणि ये इकडे. अंधारात टॉर्च दातात धरून तुला काय सापडणार आहे? राहू दे गाडी पबच्या अंगणात, सकाळी बघू. जेस, सरक जरा, त्याला बाकावर जागा दे. आणि हे बघ टोबी, मघाशी तू जे बोललास ना, “जुन्या गाडीला एवढा वास असायचाच,” ते माझ्यासमोर पुन्हा बोलायचं नाही. हसतोस काय? आपल्या जुन्या गाड्यांच्या क्लबातला प्रत्येक दीडशहाणा हे बोलतो. मीही बोलायचो. घरची माणसं नाक मुरडतात आणि आपण छाती फुगवून सांगतो, अगं, ही जुनी स्पोर्ट्स कार आहे, हिला पेट्रोलचा वास येणार नाही तर काय गुलाबाचा येणार?

आता नाही बोलत. का, ते सांगतो. भरा आपापले ग्लास, मध्येच उठायचं नाही.

गॉर्डन बेलिसला तुम्ही दोघांनी पाहिलेलं नसेल. तो हल्ली क्लबात येत नाही. मी त्याला तीस वर्षं ओळखतो, आणि आयव्हर मॅडॉक्सला त्याहून जास्त. ही हकिगत त्या दोघांची. दोघांनी मला वेगवेगळ्या दिवशी सांगितली, आणि दोघांचं सांगणं जुळलं. गॉर्डन थापा मारणारा माणूस नाही. आयव्हर मारतो, पण त्या हसवायच्या. ही सांगताना तो हसला नाही.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. शेवटचा गुरुवार, तीस तारीख. शनिवारी गॉर्डनच्या मुलीचं, ब्रायनीचं, लग्न होतं. दुपारी बापलेकी गाडी काढून लेडबरीच्या बाजारात गेली. काम काय, तर बॉनेटवर बांधायला पांढरी रिबन आणायची. ऊन छान पडलं होतं, टप उघडा होता, शेताच्या कडेनं पांढरी फुलं फुललेली.

गाडी म्हणजे दोन सीटांची, गर्द हिरवी, एकसष्ट सालची. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर तुम्ही दोघं लगेच भांडायला लागाल. गॉर्डननं ती अ‍ॅम्ब्रोज ट्विगरच्या पुतण्याकडून घेतली होती. अ‍ॅम्ब्रोज म्हणजे खोऱ्याच्या पार वरच्या टोकाला राहणारा एकटा म्हातारा. त्यानं ती गाडी आयुष्यभर घासली, पुसली, उघडली, जोडली, पण रस्त्यावर कधी आणली नाही. तो गेला तेव्हा ती पेट्यांमध्ये सुटी होती. पुतण्याला अडगळ झाली होती, त्यानं देऊन टाकली.

तेव्हा गॉर्डनची बायको हिलरी नुकतीच गेली होती. ब्रायनी एकोणीस वर्षांची. त्या घरात बापलेकींना एकमेकांशी बोलायला शब्द उरले नव्हते. गाडीनं ते दिले. “पाना दे.” “हा नव्हे, धाकटा.” “बाबा, हे कुठे बसतं?” सहा वर्षं दोघं त्या गाडीखाली लोळली आणि गाडी उभी राहिली तशी ती दोघंही उभी राहिली. गाडी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी पोरीनं सांगून टाकलं, लग्नाला चर्चमध्ये जाईन तर हिच्यातूनच, आणि चालवणार बाबा. गॉर्डनला त्या शब्दाहून मोठं काही नव्हतं.

तर लेडबरीहून परत येताना ब्रायनी म्हणाली, “बाबा, वास येतोय रे पेट्रोलचा. डोकं धरलंय माझं.”

गॉर्डननं मान वर करून दोन-तीनदा हुंगलं आणि म्हणाला, “हो गं, थोडा येतोय खरा.”

साफ खोटं. त्याला काहीही येत नव्हतं. त्या मोठ्या आजारपणात, सगळं जग दार लावून बसलं होतं तेव्हा, गॉर्डनचं नाक जे गेलं ते परत आलंच नाही. कांदा कळत नव्हता, करपलेला टोस्ट कळत नव्हता. आणि हे त्यानं आयव्हरशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. एकेकाळी दुसऱ्यांच्या गाड्या नुसत्या हुंगून रोग सांगणारा माणूस तो. नाकावर माशी बसू देत नसे. आता ते नाकच मेलं, हे पोरीला तरी कोणत्या तोंडानं सांगायचं?

“शनिवारी काही पेटलं-बिटलं तर?” ब्रायनी म्हणाली. “माझ्या अंगावर एवढा मोठा झगा असणार.”

“शनिवारच्या आत शोधून काढतो. नाहीच सापडलं तर टॅक्सी सांगू.”

“टॅक्सी? मग मी चालत जाईन, बाबा. आणि तू माझ्यामागून झगा उचलत ये.”

घरी आल्याआल्या त्यानं आयव्हरला फोन केला. “आज रात्री ये. नाक घेऊन ये.”

आयव्हर सफरचंदाची सायडर गाळतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच, आत्ता पिताय ती त्याचीच. पिंपाचं बूच काढलं की सफरचंद कुठल्या बागेतलं ते सांगणारा माणूस. तो म्हणाला, “आज गुरुवार आहे, लेका. चर्चमध्ये घंटांचा सराव आहे. शनिवारी तुझ्याच पोरीसाठी वाजवायच्यात. संपला की येतो. आणि मी येईपर्यंत एकटा खड्ड्यात उतरू नकोस.”

पण गॉर्डनला दम कुठला? संध्याकाळी त्यानं गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर उभी केली. त्याच्या गॅरेजात जुन्या पद्धतीचा खड्डा आहे, माणूस उभा राहून गाडीचं पोट बघू शकेल एवढा. टाकीपासून पुढपर्यंत पेट्रोलचा जेवढा म्हणून जोड आहे तेवढा त्यानं पुसून कोरडा केला आणि त्यावर खडूची पांढरी भुकटी शिंपडली. ही युक्ती शिकून घे, टोबी. जिथे पाझरतं तिथली भुकटी ओली होऊन काळपट दिसते. नाक नसलेल्याला तेवढाच आधार. मग सँडविच खाल्लं, पोरीला गुडनाइट केलं. ब्रायनीची खोली त्या गॅरेजच्या बरोबर वर आहे. आणि साडेनऊच्या पुढे, बाहेर अंधार पडायला लागला तेव्हा, टॉर्च घेऊन तो खड्ड्यात उतरला.

भुकटी कोरडी होती. सगळीकडे. त्यानं मागून पुढे पाहिलं, पुढून मागे पाहिलं.

तेवढ्यात दारातून पावलं आत आली. खड्ड्यातून माणूस दिसत नाही, गाडीच्या कडेखालून नुसते बूट दिसतात. तपकिरी बूट. चकचकीत पॉलिश केलेले.

“आलास?” गॉर्डन म्हणाला.

“हं.”

“आज बूट बरे घातलेस रे. चर्चला लाजलास की काय?”

वर कुणी हसलं नाही. गॅरेजचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग कडी.

“दार कशाला लावलंस?”

“थंडी आहे.”

आवाज जरा बसलेला वाटला. घंटांचे दोर ओढून ओढून आयव्हरचा आवाज तसाच होतो, म्हणून गॉर्डननं मनावर घेतलं नाही. दोघांनी कामाला सुरुवात केली. हे काम दोघांचंच असतं. एक खाली हात लावतो, दुसरा वर वास घेतो. खालचा विचारतो, वरचा सांगतो.

“चावी फिरव. पंप चालू होऊ दे.”

टिक, टिक, टिक. विजेचा पंप चालू झाला.

“आता डिकी उघड. टाकीच्या तोंडाशी बघ.”

वर कुणीतरी वाकलं. लांब श्वास घेतल्याचा आवाज आला. नाकानं. सावकाश.

“नाही,” वरून उत्तर आलं.

“मधल्या जोडाशी?”

पुन्हा तो श्वास.

“नाही.”

“नीट बघ बाबा. ब्रायनीचं डोकं धरलं होतं म्हणे.”

“जुन्या गाडीला एवढा वास असायचाच.”

गॉर्डन हसला. अगदी आपल्यातला माणूस बोलावा तसं ते वाक्य होतं. त्याला जरा हायसंही वाटलं. आपल्याला काय, ऐकायला तेच हवं असतं ना? त्यानं पाना घेतला आणि टाकीच्या मागच्या नटाला हात घातला. वरून आवाज आला, “तो जरा सैल कर. मग आवळ. नीट बसेल.”

बरोबर होतं ते. आपणही करतो. गॉर्डननं नट सैल केला.

“अजून.”

“अजून?”

“अजून थोडा.”

त्यानं अजून फिरवला. मग आवळायचं होतं, पण ते राहिलं. कसं राहिलं, त्याला आठवत नाही. त्याला एकदम बरं वाटायला लागलं होतं. ओठ बधिर झाले होते, पाय हलके. त्याला हिलरीची आठवण आली आणि रडू यायच्या ऐवजी हसू आलं. आपण खाली आहोत, वर दोस्त आहे, त्याच्याही वर पोर झोपलीय, सगळं कसं ठीक आहे, असं वाटलं.

पंप टिकटिकतच होता.

जेस, तू सांग, पंप कधी थांबतो? पुढे इंजिनपाशी पेट्रोलची भांडी असतात, ती भरली की. नाही थांबला तर? बरोबर. पेट्रोल दुसरीकडे कुठेतरी चाललंय. आपल्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल. गॉर्डनलाही वाटत होतं की काहीतरी चुकतंय. पण काय चुकतंय ते त्याच्या हाताला लागेना. डोक्यात कापूस भरला होता.

आणि पेट्रोलची वाफ जड असते, पोरांनो. ती वर जात नाही. खाली उतरते. खड्डा असेल तर खड्ड्यात.

“आता येतो का रे वास?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“टाकीपाशी?”

“काहीच नाही.”

“बरं झालं बाबा.”

गॉर्डन खड्ड्याच्या भिंतीला टेकला.

“थंडी वाजतेय ना खाली?” वरून आवाज आला.

गॉर्डनला तोवर वाजत नव्हती. विचारल्यावर वाजायला लागली. “हो रे.”

“शेगडी लाव.”

खड्ड्याच्या काठावर, त्याच्या कोपराशी, तारांची विजेची शेगडी होती. हिवाळ्यात ठेवलेली, तिथेच राहिलेली. गॉर्डननं हात वर केला. बोट बटणावर ठेवलं. दाबायचंच बाकी होतं.

आणि त्याला घंटा ऐकू आल्या.

त्या आत्ता सुरू झाल्या नव्हत्या. कधीच्या वाजत होत्या. गुरुवारच्या घंटा आपल्याला ऐकूच येत नाहीत, घरातलं घड्याळ ऐकू येतं का? आज लग्नाचा सराव म्हणून लांबल्या होत्या. आपल्या चर्चच्या घंटा सहा. वाजवणारी माणसंही सहाच, सातवं गावात मिळत नाही म्हणून फादर दर रविवारी रडतात. गॉर्डननं उगीच मोजल्या. बारीक आवाजाची पहिली. दुसरी. तिसरी. चौथी. पाचवी.

मग सगळ्यांत मोठी. सगळ्यांत खालच्या आवाजाची. ती ओढायला अंगात रेड्याचं बळ लागतं. ती फक्त आयव्हर ओढतो.

ती वाजत होती.

गॉर्डनचं बोट बटणावर. तो हलेना.

पुन्हा पहिली. दुसरी. … सहावी. स्पष्ट.

“आयव्हर?”

“हं.”

“घंटा… थांबल्या नाहीत अजून.”



टिक. टिक. टिक.

“आयव्हर… सहावी कोण ओढतंय?”

…

बूट हलले. गाडीच्या बाजूनं खड्ड्याच्या टोकाकडे आले. सावकाश. टोकाशी थांबले.

मग तो श्वास. नाकानं. लांब. आता टाकीपाशी नाही… काठाशी. मग काठाच्या खाली. मग त्याच्या डोक्यावर. त्याचे केस त्या श्वासानं हलले. आपण एखादा जोड हुंगतो ना… तसं कुणीतरी त्याला हुंगत होतं.

“लाव ना.”

गॉर्डननं वर पाहिलं नाही. मला म्हणाला, वॉल्टर, मी वर पाहिलं असतं तर मी बटण दाबलं असतं, कशावरून ते विचारू नकोस. त्याला फक्त एक दिसत होतं. वरची खोली. तिथला पलंग. त्यावरची पोर. त्यानं बोट उचललं. एक एक करून पाची बोटं उचलली आणि हात छातीशी घट्ट धरून खाली बसला.

“लाव.”

तो बसून राहिला.

“लाव.”

घंटा थांबल्या.

पुढचं आयव्हरनं सांगितलेलं. तो चर्चमधून निघाला, गल्लीनं चालत आला. गॉर्डनच्या फाटकाला हात लावला आणि पेट्रोलच्या वासानं जागच्या जागी थिजला. त्याच्या सायडरच्या तळघरातही आंबणाऱ्या रसाची हवा अशीच खाली बसते, माणसं न बोलता मरतात, त्याचा एक चुलता तसाच गेला. तो दारावरची बेल वाजवायला गेला नाही. तिथूनच ओरडला, “गॉर्डन! कशालाही हात लावू नकोस! दिवा नाही, काही नाही!”

आतून नुसती टिकटिक.

दाराला आतून कडी. आयव्हर खांद्यानं भिडला. तिसऱ्या धक्क्याला जुन्या फळ्या फुटल्या. त्यानं श्वास कोंडून गॉर्डनच्या बखोटीला धरलं आणि खड्ड्यातून पोत्यासारखा ओढून हिरवळीवर टाकला. मग वर तोंड करून, “ब्रायनी! दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही! आहेस तशी मागच्या दारानं बाहेर ये!”

ती आली. ती झोपलेली नव्हतीच. अंगात पायजमा, डोक्यावर लग्नाची पांढरी जाळीची ओढणी. आरशासमोर घालून बघत बसली होती. तशीच बापाशेजारी गवतात बसली. बाप ओकत होता, ती त्याची पाठ चोळत होती, तोंडानं शिव्या देत होती आणि रडत होती.

“पंप चालू आहे अजून,” आयव्हर म्हणाला. “चावी राहिली वाटतं आत.”

गॉर्डननं तोंड पुसलं. “तूच फिरवलीस ना…”

“मी? मी आत्ता येतोय, लेका.”

गॉर्डननं खिशात हात घातला. चावी त्याच्या खिशात होती. तिघं त्या चावीकडे बघत राहिले. फुटलेल्या दारातून टिक, टिक येत होती. कुणीच उठेना. बऱ्याच वेळानं एकदा ‘टिक’ झालं आणि पुढचं आलंच नाही.

रात्रभर दारं उघडी टाकून त्यांनी गॅरेजला वारा दिला. सकाळी आयव्हरनं नाक लावलं आणि पाच मिनिटांत सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! टाकीच्या तोंडाची रबरी नळी, जिथे ती डाव्या सीटच्या पाठीमागे जाते, तिथे आतल्या अंगानं चिरली होती. दुपारचा वास तो. तिथे हात पोचत नाही म्हणून भुकटीही पोचली नव्हती. आणि मागचा नट शेवटच्या आट्यावर लोंबत होता. तो मात्र गॉर्डननं आपल्या हातानं सोडला होता. त्यातूनच पेट्रोल खड्ड्याच्या अंधाऱ्या टोकाला, जुन्या गोणपाटांवर, आवाज न करता गळत होतं. त्यांनी नवीन नळी घातली, नट आवळला, नवीन भुकटी टाकली. शुक्रवारभर ती कोरडी राहिली. आयव्हरनं तीनदा हुंगलं. मग गॉर्डननं पोरीला बाजूला घेऊन आपल्या नाकाचं खरं काय ते सांगितलं आणि तिलाही हुंगायला लावलं.

“मूर्खा,” ती म्हणाली आणि त्याच्या गळ्यात पडली. वास कुठेच नव्हता.

रात्रीचं सगळं ऐकून ती म्हणाली, “पेट्रोल चढलं होतं तुला, बाबा. दारू चढते तसं. आवाज काय, बूट काय, काहीही दिसतं.”

शहाणी पोर. मीही तेच म्हणालो असतो. गॉर्डनलाही ते पटवून घ्यायचं होतं. कडीचं काय, म्हणून त्यानं विचारलं, तर म्हणाली तूच लावली असशील. चावीबद्दल मात्र ती काही बोलली नाही.

पण संध्याकाळी आयव्हरनं गॉर्डनला फाटकापाशी गाठलं. “बूट कसले होते म्हणालास?”

“तपकिरी. चकचकीत.”

“म्हाताऱ्याचे बूट तसलेच असायचे,” आयव्हर म्हणाला. “अ‍ॅम्ब्रोजच्या गाडीत एकदा आमच्यातल्या कुणाची तरी बायको गंमत म्हणून बसली होती. गाडी उभीच होती, नुसती डाव्या सीटवर टेकली. त्यानं तिला हाताला धरून उठवलं. आणि मग आमच्यादेखत ती सीट खोलून बाहेर काढली. म्हणाला, माझ्या गाडीत बाई बसायची नाही. तिचा वास राहतो.”

गॉर्डन घरात गेला आणि टॅक्सीवाल्याचा नंबर फिरवायला लागला. ब्रायनीनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

“सहा वर्षं मी तिचा गंज खरवडलाय. आई गेल्यावर तू माझ्याशी पहिला शब्द बोललास तो त्या गाडीखाली. ती आपली आहे, बाबा. कुणाची नाही.”

त्याला नाही म्हणवलं नाही. तुम्हाला म्हणवलं असतं का? पण तो मला म्हणाला, वॉल्टर, आयुष्यात एवढी भीती मला कधी वाटली नाही, हिलरीच्या खाटेशी बसलो होतो तेव्हाही नाही. त्यानं एकच अट घातली. आग विझवायचा लाल नळा तिनं मांडीवर धरायचा. शनिवारी सकाळी गावानं तो थाट पाहिला. बॉनेटवर पांढरी रिबन, टप उघडा, नवरीच्या एका हातात फुलं आणि दुसऱ्या हातात लाल नळा. लोक हसून हसून बेजार. मी चर्चच्या फाटकाशीच उभा होतो.

गल्लीनं चालत चर्च पाच मिनिटांवर, पण गाडीच्या रस्त्यानं दोन मैल. गॉर्डन बैलगाडीच्या वेगानं आला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, तोंड पांढरंफटक. वळणावर पोरगी ओरडून त्याला काहीतरी सांगत होती, वाऱ्यानं तिची ओढणी पाठीमागे उडत होती. आयव्हर वर मनोऱ्यात सगळ्यांत मोठी घंटा ओढत होता. गाडी फाटकाशी थांबली. त्यानं इंजिन बंद केलं. काही झालं नाही. गॉर्डन स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडला आणि सगळ्यांना वाटलं, बापाचं काळीज आहे, रडणारच.

“झालं की रे, बाबा,” ब्रायनी म्हणाली. “आलो आपण.”

तो उतरला, फिरून तिच्या बाजूला आला, दार उघडलं. लाल नळा माझ्या हातात दिला. तिचा हात धरून तिला उतरवलं. झगा सावरला. पांढरा शुभ्र होता, कुठे डाग नाही.

मग त्यानं दार लावायला हात घातला आणि सीटकडे बघत उभा राहिला.

मी जवळच होतो. मीही वाकून पाहिलं.

ती जिथे बसली होती, बरोबर तिथे, चामड्यावर आगपेटीच्या काड्या होत्या. ओढलेल्या. पार टोकापर्यंत जळलेल्या. एकीला एक लागून, नीट ओळीत मांडलेल्या, जसा एखादा व्यवस्थित माणूस मांडील. दहा-बारा असतील.

गॉर्डननं त्यातली शेवटची उचलली आणि लगेच खाली टाकली.

ती अजून गरम होती.